गोळी आणि चहा यांच्यामधला तास

बबनराव वैंगणकर गेले त्याला सात महिने झाले, तरी सुचेताबाईंच्या डोळ्यांतून पाण्याचं टिपूसही आलं नव्हतं. पूनम सागर सोसायटीतल्या त्यांच्या मजल्यावर कुजबुज व्हायची ती व्हायचीच, पण खरी टोचणी त्यांच्या स्वतःच्याच जिवाला होती. चौतीस वर्षांचा संसार, आणि आपलं काळीज असं दगडाचं?

शेजारच्या चंपाबेन पाठीवरून हात फिरवायच्या. "रो लो, सुचेताबेन. दिल हलका हो जाएगा." सुचेताबाई मनापासून प्रयत्न करायच्या. नवऱ्याचा शर्ट मांडीवर घेऊन बसायच्या आणि बसल्या बसल्या झोपी जायच्या.

भर मे महिन्यात अंगावर शाल. आवाज घोगरा. बंगळुरूहून लेकीचा, रुचिताचा, फोन आला तर उचलायचा कंटाळा. शेवटी रुचितानेच तिथून घराजवळच्या सिल्व्हर पार्कमधल्या डॉक्टर स्टेफनींकडे नंबर लावला.

रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "काकी, थायरॉइडची गोळी बंद केलीत?"

"छे! बारा वर्षांत एक दिवस चुकला नाही. रोज उठल्या उठल्या, चहाबरोबर."

"चहाबरोबर? अहो, दुधाच्या चहाने ती अंगाला नीट लागतच नाही. मध्ये तासभर थांबायचं असतं. हा आकडा बघा. मेंदू ओरडून ओरडून हार्मोन मागतोय आणि तुमच्या ग्रंथीकडे द्यायला काही नाहीये. मग शरीर सगळंच मंद करतं."

"रडणंसुद्धा?"

डॉक्टरांनी मागचे रिपोर्ट चाळले. "होतं तसं कधीकधी. सगळंच बधिर होतं. पण काकी, आधीचे रिपोर्ट चांगले आहेत. तेव्हा कशी घेत होतात?"

सुचेताबाईंना आठवलं. बारा वर्षांपूर्वी पहिल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी तिथेच फणकारून म्हटलं होतं, तासभर चहाशिवाय राहायचं असेल तर मला गोळीच नको! बबनराव हूं की चूं बोलले नव्हते. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरी येणारा दूधवाला बंद केला. रात्री उरलेल्या दुधाला विरजण लावायचे, थेंबभरही मागे ठेवायचे नाहीत. सकाळी साडेपाचला बायकोच्या हातावर गोळी ठेवून दुधाला निघायचे. डेअरी पाच मिनिटांवर, आणि हे परतायचे साडेसहाला! "दुधाला काशीमीऱ्याला गेला होतात काय?" म्हणून सुचेताबाई रोज करवादायच्या. ते हसून चहाचं आधण ठेवायचे.

आणि तेरावं झाल्यावर सुचेताबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर दूधवाला पुन्हा लावला. सोय झाली, असं वाटलं होतं त्यांना.

दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं. रोज साडेपाचला गोळी घ्यायची आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायचं. तो तास सरता सरायचा नाही. घरात बोलायला कोणी नाही, चहा नाही, घड्याळ तेवढं चालू. जून असाच गेला.

जुलैतल्या एका सकाळी शाल नकोशी झाली. डोकं लख्ख होतं. साडेसहा वाजले, पावणेसात झाले, आणि सुचेताबाई सवयीने पुटपुटल्या, "आज केवढा उशीर!"

मग त्यांना ते कळलं. पुरतं, आठ-नऊ महिन्यांचं एकदम. त्यांनी असा हंबरडा फोडला की चंपाबेन तशाच अनवाणी धावत आल्या.

"क्या हुआ, सुचेताबेन?"

"दूध लेने गए थे," सुचेताबाई हुंदक्यांतून म्हणाल्या, "अभी तक आए नहीं."