भिंतीपलीकडची चाचणी

नवरोबांचा धंदाच बडबडीचा. घरबसल्या लोकांच्या वेबसाइट वापरायच्या आणि वापरताना मनात येईल ते माइकमध्ये बोलत राहायचं: बटण सापडत नाही, अक्षरं मुंगीएवढी आहेत, हा फॉर्म कोणत्या महाभागाने बनवला. परक्यांची ते अशी बिनपाण्याने करत आणि परके वर आभार मानत. घरात मात्र त्यांच्या तोंडी एकच शब्द, "छान."

बायकोने शिवणकामाची नोकरी सोडून कापडी पिशव्या विकायला वेबसाइट बनवली, तेव्हाही दोन महिने "छान"चाच रतीब चालू होता. सोमवारी दुकान उघडायचं होतं. नवऱ्याच्या "छान"वर तिचा काडीचा भरवसा नव्हता, म्हणून तिने गुपचूप एका चाचणी कंपनीकडे अनोळखी परीक्षक मागितला. कंपनीने यादीतला पहिला मोकळा माणूस दिला.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून नवरोबा कामाला बसले आणि पडद्यावर घरच्याच पिशव्या बघून त्यांची बोबडी वळली. कॅमेरे बंद होते. "नमस्कार. जे वाटेल ते मोकळेपणाने बोला, मी मध्ये बोलणार नाही," असा बायकोचा आवाज आधी भिंतीतून आला आणि मग हेडफोनमधून.

उठावं तर कंपनीच्या यादीतून नाव कटणार. बसावं तर संसाराचं काय होणार, देव जाणे. पण माइक समोर असला की त्यांची जीभ त्यांचंही ऐकत नसे.

"पिशवी केवढी आहे, कळत नाही," ते म्हणाले आणि मग घसरलेच. मागवायचं बटण पार पाताळात, किंमत शोधायला तीन पानं पालथी घालायची, आणि फोटोंत पिशव्यांपेक्षा मांजरच जास्त.

पलीकडे चिडीचूप. परीक्षकाला अडवायचं नाही, हा नियम ती पाळत होती. बावीस वर्षांत ती सलग दहा मिनिटं गप्प बसल्याचं त्यांना आठवेना.

शेवटी तिने कागदावरून वाचल्यासारखं विचारलं, "हे दुकान सोमवारी उघडावं, असं तुम्हाला वाटतं का?"

"नाही."

मग तिने नियम मोडला. "दोन महिने मी हेच विचारत होते. तेव्हा काय झालं होतं?"

"तेव्हा तू समोर असायचीस. तुझा चेहरा पडलेला मला बघवत नाही."

पुढचा प्रश्न कागदावरचा नव्हता. आवाज एकदम बारीक झाला होता. "आणि पिशव्या? त्या कशा आहेत?"

"पिशव्या पक्क्या आहेत. सहा वर्षं तुझीच पिशवी घेऊन बाजारात जातोय, अजून बंद उसवला नाही. लोक त्या घेतील."

पिशव्या छान आहेत, हे त्यांनी याआधी शंभरदा सांगितलं होतं. या वेळी मात्र भिंतीपलीकडे ती रडायला लागली, कारण या वेळी तिला ते खरं वाटलं.