कढईची काजळी

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. माझ्यात माणसं तीन आणि चेहरे दोन. हिशेब चुकलेला नाही, चुकवलेला आहे.

सरोवराकाठच्या काराकोल गावातल्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला. मागे पडद्यावर रंगवलेलं सरोवर होतं. खरं सरोवर जवळच असल्यामुळे त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. मधे कासिमअली मास्तर, उजवीकडे त्यांची आई, डावीकडे नवी नवरी ऊलकान. मास्तरांनी हसू दाबलं होतं. ते पाहिलेला आता मी एकटाच उरलोय.

एकोणीसशे अडतीस साली, मॉस्कोचं राज्य असताना, मास्तरांना पकडून नेलं, ते गेलेच. गुन्हा काय, हे नेणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी विचारावं म्हटलं, तर त्यांनाही नेलं होतं. अशा माणसाचा फोटो घरात सापडला की घरादाराची धडगत नसे. शेजारच्या बायका कात्रीने नवऱ्यांची डोकी कापत होत्या. ऊलकानला ते जमेना. पोटात बुरुल होती, आणि तिला बाप दाखवायचा होता. तिने कढईच्या बुडाची काजळी मेंढीच्या चरबीत खलली आणि नवऱ्याच्या तोंडाला फासली. चरबीतली काजळी पुसली की निघते. पुढे लेकीला तिने एवढंच सांगितलं, "चांगले दिवस आले की कोमट पाण्याने पूस."

मित्रांनो, घोटाळा इथेच झाला. चांगले दिवस आले हे कुणी जाहीर करायचं, ते ठरलं नव्हतं.

मी पेटीत, रजयांखाली पडून राहिलो. मॉस्कोतला मोठा साहेब मेला, पेटी उघडली. देश स्वतंत्र झाला, उघडली. एक राष्ट्राध्यक्ष पळाला, मग दुसरा पळाला. दोन्ही वेळा उघडली. बुरुल हातात फडकं घेऊन माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हे टिकतंय का बघू." पेटी पुन्हा बंद. आमच्याकडे सात पिढ्यांच्या बापांची नावं ज्याला येत नाहीत, त्याला गुलाम म्हणतात. बुरुलला सातही यायची. त्यातल्या पहिल्याचा चेहरा तेवढा माहीत नव्हता.

म्हातारपणी मुलाने तिला बिश्केकच्या फ्लॅटमध्ये आणलं. पेटी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून सुनेने ती परस्पर विकून टाकली. माझ्यासकट. जुन्या बाजारात मला आयझिरेक नावाच्या चित्रकार मुलीने उचललं. बेवारस फोटोंवर ती कोळशाने आठवणी काढायची. मला तिने बेवारस ठरवलं तेव्हा वारस त्याच शहरात चहा पीत बसली होती.

मुलगी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, तिने हयगय केली असती. मास्तरांच्या तोंडावरच्या काळ्यातून तिने कोळशाचा धूर काढला, तो सरोवरभर पसरवला. काम फार सुंदर झालं. मग कोळसा झडू नये म्हणून तिने माझ्यावर पक्का करणारा फवारा मारला. दोनदा.

प्रदर्शनात लोक बोर्सोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, खात माझ्यापुढे उभे राहायचे. हा अंधार आपल्याकडे बघतोय, असं एक जण म्हणाला. काजळी कुणाकडे बघत नसते, पण माझं कोण ऐकतो?

सुनेने घरी बुरुलपुढे फोन धरला. "आई, तुमचा तो काळा माणूस बघा, प्रसिद्ध झालाय."

दुसऱ्या दिवशी बुरुल थर्मासमध्ये कोमट पाणी आणि पांढरं फडकं घेऊन प्रदर्शनात हजर झाली. आयझिरेकला तिने सगळं सांगितलं. ऐंशी उलटली, आता चांगल्या दिवसांसाठी थांबायला वेळ नाही, म्हणाली. "तुझा धूर राहू दे, पोरी. मला फक्त एवढंसं पुसायचंय."

मुलीचा चेहरा उतरला, तरी तिने काच स्वतः काढली. बुरुलने फडकं भिजवून फिरवलं. मग जोर लावून फिरवलं. फडकं पांढरंच.

"आपा, मी फवारा मारलाय," मुलगी म्हणाली. "आता पुसायला गेलं तर चेहराही निघून येईल. मी जपायला म्हणून..."

बुरुलने फडकं पिळलं, नीट घडी घातली.

"माझ्या बापाला न्यायला आले होते त्यांनासुद्धा एवढं जमलं नव्हतं गं," ती म्हणाली, आणि थर्मासचं झाकण लावत निघून गेली.

मित्रांनो, एखादी वस्तू जपण्याआधी ती कुणाची, एवढं विचारत जा. आणि तुमच्या घरी काही पुसायचं राहिलं असेल, तर आजच पुसा. दिवस कसेही असोत. मी आता संग्रहालयात आहे. ऊन नाही, धूळ नाही, कुणी हात लावत नाही. काजळीखाली मास्तर अजून हसू दाबून बसलेत. आम्हाला आता शंभर वर्षं काही होणार नाही, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.