फलकावरची अरबी

इटलीतल्या लिव्होर्नोच्या चौकात ओर्नेला आणि तिचे ज्यू सोबती गाझातलं युद्ध थांबावं म्हणून दर शुक्रवारी फलक धरून उभे राहत. वर हिब्रूत 'शांती', खाली अरबीत 'शांती'. जाता-येता आपलेच ज्यू लोक "गद्दार!" म्हणाले, की ओर्नेलाची मान आणखी ताठ व्हायची.

आज तिचे दातांचे डॉक्टर, मूळ गाझाचे वाएल, फलकापाशी थांबले.

"अहो बाई, हे खाली काय लिहिलंय?"

"काय म्हणजे? शांती! तुमच्याच भाषेत."

"जोडून लिहायची अक्षरं सुटी पडलीत, त्यात डावीकडून उजवीकडे, उलट्या क्रमाने छापलीत. याला काही अर्थच नाही."

ओर्नेलाचे कान तापले. हिब्रूतल्या एका अक्षरावरून गटात आठवडाभर हमरीतुमरी झाली होती. अरबी मात्र कोणीतरी संगणकावरून उचलली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"वर्षभर इथूनच जाता ना, डॉक्टर? मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"वाटलं, आमच्यातल्या कोणाला तरी विचाराल."

ओर्नेलाने फलक उलटा करून छातीशी धरला. मागच्याच महिन्यात ती याच माणसापुढे तासभर तोंड उघडून बसली होती.