जळालेला व्हॉल्व्ह

महिन्याभरापूर्वी दुरुस्त करून पाठवलेला ट्रक दोरीने ओढत परत आला. एक सिलिंडर कामच करत नव्हता. बाबांनी हे ऐकलं मात्र, गॅरेज डोक्यावर घेतलं.

"गेल्या खेपेला धुराच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड वेल्डिंगला गेला असताना इंजिन कुणी चालवलं? तूच ना, शहाण्या? तापलेल्या व्हॉल्व्हला गार हवा लागली की तो संपला, हे कितीदा सांगितलं तुला? उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही!"

"जरासंच चालवलं हो बाबा, आवाज ऐकायला," धाकटा पुटपुटला. पण बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

व्हॉल्व्ह घासायचं काम ताईचं. इंजिनाचं हेड उघडण्याआधी तिने गेज लावून बघितला. गेज म्हणजे पोलादाची पातळ पट्टी. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्या मधून ती किंचित अडत सरकली, की गॅप बरोबर. इथे ती एकीकडे शिरेना, तर दुसरीकडे अगदीच सैल. हेड उतरवलं, तर एकच व्हॉल्व्ह कडेला जळालेला, बाकीचे ठणठणीत. गार हवा काय एकट्या त्यालाच गाठून लागली होय? गॅप घट्ट राहिला, व्हॉल्व्ह पुरता मिटला नाही आणि आगीने त्याची कड खाल्ली, इतकं सरळ होतं ते. आणि गॅप सेट करायचे ते फक्त बाबा. दुसऱ्या कुणाची त्या पट्टीला हात लावायची बिशाद नव्हती.

हल्ली बाबांना शर्टाची बटणं लागत नव्हती. चहाचा कप हातातून सुटायचा. ताईने ते पाहिलं होतं आणि चक्क काणाडोळा केला होता. आता भावाला वाचवायचं तर बाबांना सांगावं लागणार होतं, की तुमच्या बोटांतली जाणीव गेली. कुठल्या तोंडाने सांगणार? तिला स्वतःचाच राग आला.

नवा व्हॉल्व्ह घालून तिने हेड चढवलं. धाकटा आपले पाने गोळा करायला आला, तेव्हा बाबा इंजिनावर वाकले होते. त्यांनी पट्टी घातली, स्क्रू फिरवला, नट आवळला.

"बघून ठेव जाता जाता. अशी सरकली पाहिजे."

पट्टी हलतच नव्हती. नुसती बोटं तिच्यावरून घसरत होती.

धाकट्याने ताईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्याला काय समजायचं ते समजलं. हातातले पाने त्याने खाली ठेवले.

"माझंच चुकलं, बाबा," तो म्हणाला. "मॅनिफोल्ड नसताना चालवायला नको होतं मी."

इतक्या पटकन चूक कबूल करणारं पोर नव्हतं ते. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईच्या भरलेल्या डोळ्यांकडे. त्यांनी दोन्ही हातांनी पट्टी ओढली. ती वाकली, पण निघाली नाही.

"खोटं बोलू नकोस, पोरा," बाबा म्हणाले. "हात गेलेत माझे, डोकं नाही. ये इकडे, नट सैल कर."