समोरची बाई

बी विंगमध्ये भरदिवसा घरफोडी झाली आणि कोन गावातल्या त्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर लोखंडी जाळी बसली. लिफ्ट आणि जिना जाळीपलीकडे; कुलूप मोबाईलवरून उघडायचं. निवृत्त शिक्षिका आशालता साने एकट्याच राहायच्या. जाळी आली तेव्हा कुठे त्यांना शांत झोप लागली.

त्या दुपारी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला त्या पॅसेजमध्ये आल्या, तोच वाऱ्याने घराचं दार धाडकन लागलं. चावी आत, मोबाईल आत. त्यांनी जाळी हलवून पाहिली, वॉचमनला हाका मारल्या. नवव्या मजल्यावरून आवाज खाली पोचणार कसा? पॅसेजला खिडकीही नव्हती.

समोर निनाद नावाचा एक तरुण नुकताच राहायला आला होता. बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांनी बेल दाबली. दाराच्या भिंगामागे सावली हलली.

“कोण पाहिजे?”

“अहो, मी समोरची. दार लागलंय माझं. जाळी तरी उघडून देता का?”

“सॉरी काकू, मी तुम्हाला कधी पाहिलं नाहीये. सोसायटीच्या ग्रुपवर विचारतो.”

त्या भिंतीला टेकल्या. ब्लाउज घामाने चिकटला होता.

“काकू, ग्रुपवर लिहिलंय, अनोळखी बाईला दार उघडू नका. चोर बायकांना पुढे करतात.”

“कोणी लिहिलंय?”

“आशालता साने.”

“अहो, तीच मी!”

“त्यांच्या डीपीला गणपती आहे. थांबा, सेक्रेटरी त्यांना फोन करतायत.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “मॅडम उचलत नाहीयेत.”

“ऐका!” त्या मूठ आपटून ओरडल्या. “माझ्या घरात वाजतोय तो!”

साखळी लावूनच दार किंचित उघडलं. आशालताबाईंच्या बंद दारामागे रिंग वाजत होती. निनादने कान देऊन ऐकलं, मग साखळी काढली. त्याने पाण्याचा ग्लास आणून दिला.

“मीही घाबरलो होतो, काकू.”

“मला?” आशालताबाईंना हसू येईना.

रविवारच्या मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, “आधी आपण मजल्यावरची माणसं एकमेकांना ओळखू या.” सेक्रेटरींनी मान डोलावली आणि नव्या कॅमेऱ्यांचा विषय काढला.

संध्याकाळी त्या आणि निनाद विंगमधल्या बेला दाबत फिरले. पुष्कळ भिंगांमागे डोळे आले. दारं दोनच उघडली. त्यातल्या एका घरी रुचिरा नावाच्या मुलीने त्यांना चहाला बसवलं, पण दार मात्र आतून लावून घेतलं.