पाण्यातले देव

आमच्या मुलीला, अनघाला, नागपूरच्या दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, त्या सकाळी रत्नप्रभानं देव पाण्यात घातले. गणपती, बाळकृष्ण, पिंड आणि अन्नपूर्णा तिनं माहेरच्या तांब्याच्या घंगाळात मांडले आणि वरून पाणी ओतलं. मुलगी उठून बसेपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत. मग नागपूरला निघताना पिशवी उचलून तिनं मला बजावलं, "अन्नपूर्णेच्या डोक्यावर पाणी राहिलं पाहिजे. उघडी पडू देऊ नका. एवढं तरी कराल ना?"

"एवढं तरी" हे ती घाईत म्हणाली असेल. पण खोटं नव्हतं. दारव्ह्याच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर पुस्तकं सांभाळली. घरातलं गॅसचं सिलिंडरसुद्धा मला धड लावता येत नाही. दवाखान्यातही माझा उपयोग नव्हता. आमचे जावई अनिमेष फोनवर अदबीनं म्हणाले होते, "बाबा, इथे आत एकालाच सोडतात. आई आल्या तर बरं."

देवावर माझा विश्वास होता असं म्हणता येणार नाही. नव्हता असंही नाही. प्रार्थनेविषयी मी पुष्कळ वाचलं होतं, केली मात्र कधीच नव्हती. बायको करते, त्यात आपलंही भागतं, अशी सोयीची समजूत होती.

मे महिना होता. सकाळी काठोकाठ भरलेलं घंगाळ संध्याकाळी उतरलेलं दिसे. नळाला पाणी येईना आणि टाकी तळाला गेली, तेव्हा मी लाजत लाजत तांब्या घेऊन शेजारी जैबुनबीकडे गेलो. तिच्या अंगणात बोअर आहे.

"तांब्याभर पाण्यानं काय होते, भाऊ? बादली आना."

"प्यायला नको. देवांना हवंय."

ती थबकली. "माह्या बोअरचं चालते काय तुमच्या देवाले?"

"त्यांना पाणी हवंय," एवढंच पुन्हा म्हणालो.

"बरा हाय मंग. नळवाल्यावानी नखरे नाहीत त्याचे," असं म्हणत तिनं पंप सुरू केला. तांब्या भरून देताना तिचा आवाज उतरला. "पोरीसाठी मी बी दुआ करून राह्यली, भाऊ. हर नमाजीत."

मग रोज तसंच. एका दुपारी पाणी ओतताना माझा हात अन्नपूर्णेच्या डोक्याला लागला. सगळं घर भट्टीसारखं तापलं होतं आणि ते डोकं गार होतं, ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखं. मी तिथेच फरशीवर बसलो. स्तोत्रं पाठ होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी वाटली. "तिला राहू दे," मी म्हणालो. मोठ्यानं बोललो म्हणून घरात कुणी नसतानाही ओशाळलो.

त्याच संध्याकाळी रत्नप्रभाचा फोन आला. अनघानं डोळे उघडले होते. तोंडात नळी होती, पण बोटांनी खुणा करून विचारत होती, बाबा कुठे? "मी सांगितलं, बाबा देवांपाशी बसलेत. अहो, हसली हो ती!"

त्या दिवसापासून मी देवावर भार टाकला. सगळा टाकला, हातचं काही राखून ठेवलं नाही. पोटभर जेवलो, झोपलो. जैबुनबीला भिंतीवरून सांगितलं, "अनघा बरी होऊन येणार आता."

"इन्शाल्ला म्हना, भाऊ."

"येणारच," मी म्हणालो.

अनघा गेली तेव्हा अन्नपूर्णेच्या डोक्यावर चार बोटं पाणी होतं. अनिमेषचा फोन आला, तेव्हा मी घंगाळासमोरच उभा होतो.

सगळं नागपूरलाच उरकलं. मी तिकडे गेलो आणि तेरावं झाल्यावर आम्ही दोघं परतलो. दार उघडताच रत्नप्रभा चपला न काढता देवघरात गेली. घंगाळ कोरडं पडलं होतं. देवांवर क्षाराचे पांढरे थर चढले होते. बाळकृष्णाचं तोंड ओळखू येत नव्हतं.

ती वळली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"हे कधी आटलं? ती जायच्या आधी, की नंतर?"

'नंतर' म्हटलं असतं तर तिच्याकडे काय उरलं असतं? जन्मभराची पूजा, उपास, आणि ऐकून न ऐकणारा देव. त्यापेक्षा विसरभोळा नवरा बरा. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

"आधी," मी म्हणालो. "एक दिवस लक्ष राहिलं नाही. वाचत बसलो होतो."

"तरीच," ती म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं पदर खोचला, चिंच भिजत घातली आणि अंधार पडेपर्यंत एकेक देव घासत बसली.

दुसऱ्या दिवशी जैबुनबी भेटायला आली. दोघी गळ्यात पडून रडल्या. मग रत्नप्रभा माझ्यादेखत तिला म्हणाली, "ह्यांना एवढंही जमलं नाही हो. देव उघडे पडू दिले." जैबुनबीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. बोलू नको, अशी मी मान हलवली. जाताना मात्र तिनं मला फाटकापाशी गाठलंच.

"झूठ काहून बोलले, भाऊ? रोज पानी तं मीच भरून देल्लं."

"तिला देव पाहिजे, जैबुनबी."

"आन तुमाले?"

मी फाटकाची कडी लावत राहिलो. ती लागत नव्हती.

हे मी रत्नप्रभासाठी केलं असं म्हणतो, पण खात्री नाही. देवाशी भांडण्यापेक्षा बायकोचा राग सोसणं मला सोपं वाटलं असेल. भांडण मला कधी जमलंच नाही. आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते. प्रसाद हातावर देत नाही, वाटीत ठेवून जाते.

तिची पूजा मात्र सुरू आहे, पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालते. परवा सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. आतली घंटा थांबली आणि तिचा आवाज आला.

"देवा, ह्यांना क्षमा कर. मुद्दाम नाही केलं त्यांनी."

ज्यानं आमची क्षमा मागायची, त्याच्याकडे ती माझ्यासाठी क्षमा मागत होती. क्षणभर वाटलं, आत जावं आणि सांगून टाकावं, चार बोटं पाणी होतं.

मी वर्तमानपत्राचं पान जरा आवाज करून उलटलं, मी ऐकत नाही असं तिला वाटावं म्हणून.