मुकी बोटं

जानरावाने उकंडरावांच्या डोळ्यांवर त्यांचाच दुपट्टा बांधला आणि खिशातली टाचणी काढली.

"बोटाले लागलं का सांगा, बाबा. अंदाजानं बोलू नका."

"मी कायले खोटं बोलू?" उकंडराव ओट्यावर ऐसपैस बसले.

नऊ वर्षांपूर्वी ज्वारी सोंगताना विळा त्यांच्या मनगटात शिरला होता. जखम भरली, पण आतली संवेदनेची नस तुटली ती तुटलीच. करंगळी आणि शेजारचं बोट मुकं झालं. कॉलेजात शिकणारा जानराव तेव्हा तावातावाने म्हणाला होता, "याचा इलाज सापडल्याबिगर मी घरी राहाले येत नाही." पुढे मुंबईत तुटलेल्या नसा जोडायची नळी बनवणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तो आपलं बोलणं विसरूनही गेला. वर्षातून चार दिवस गावी धनजला यायचा, तेवढंच. आई गेल्यापासून बाबा एकटेच भाकऱ्या थापत. करंगळी तव्याला चिकटली, तर वास आल्यावर त्यांना कळायचं.

काल तो एसटीतून उतरल्या उतरल्या बाबांनी त्याला सांगितलं, बोटांत जाण आली. जानरावाचा विश्वास बसेना.

"तुह्या नळीचं काय झालं?" दुपट्ट्याआडून प्रश्न आला.

"अजून कोंबडीच्या पिलाच्या पेशीवरच चालू हाय. कोऱ्या प्लॅस्टिकवर त्या धरतच नाहीत. उंदराच्या शेपटीतून काढलेला लेप देला, का मंग चिकटतात, त्याईले धागे फुटतात. तशी नळी तुटल्या नसेत बसवाची. माणसाले लई वर्षं हायेत, बाबा."

"म्हंजे कणगी सारवल्यावानीच."

जानरावाला हसू आलं. पाच वर्षांत त्याचं काम इतक्या सहज कुणी समजून घेतलं नव्हतं. मुंबईत तर जेवलास का, एवढंही विचारणारं कुणी नव्हतं, आणि हे त्याला आत्ता ओट्यावर बसून फार लागलं.

त्याने करंगळीवर टाचणी टेकवली.

"लागलं."

त्याने दुसऱ्या बोटावर टेकवली.

"लागलं."

करंगळीच्या आतल्या बाजूला ताजा, टपोरा फोड होता. तो दिसला तसा जानराव थबकला. तिसऱ्या वेळी त्याने टाचणी हवेतच धरली.

"लागलं," बाबा ठामपणे म्हणाले.

जानरावाने टाचणी खाली ठेवली.

"हे बी लागलं. चांगलंच लागलं." उकंडरावांनी तो हात तसाच पुढे धरून ठेवला. "माहा हात तं बरा झाला, जानराव. मंग आता येशीन ना घरी राहाले?"